यकृताचा कर्करोग : बदललेलीं कारणें व वेळीं करावयाचें निदान

शेतकीच्या मासिकांत माणसाच्या रोगावर लेख कशाला, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येईल. परंतु ज्या रोगाचें एक मूळ धान्याच्या कणगींत, दुसरें मुलाच्या जन्मघटकेंत आणि तिसरें आपल्या बदललेल्या राहणींत आहे, त्या रोगाचा विचार शेतकऱ्यानें करावयाचा नाहीं तर कोणीं? यकृताचा कर्करोग हा असा रोग आहे. त्याच्याविषयीं आपल्या बीड जिल्ह्यांत दोन समज दृढ झालेले दिसतात. एक हा कीं, तो दारू पिणारासच होतो. दुसरा हा कीं, तो आपल्या भागांत फारसा आढळत नाहीं. हे दोन्ही समज अर्धे खरे आहेत आणि म्हणूनच पूर्ण खोट्या समजांपेक्षां अधिक घातक आहेत. ज्यानें जन्मांत दारूचा थेंब घेतला नाहीं, तो गृहस्थ या समजामुळें निर्धास्त राहतो व जेव्हां वैद्याकडे जातो तेव्हां वेळ निघून गेलेली असते. हे समज तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आपल्या जिल्ह्याची नोंद काय सांगते

कर्करोगाचे रोगी मोजण्याचें काम मुंबई शहरांत १९६३ पासून चालू आहे. खेड्यांतील लोकांची अशी नोंद देशांत प्रथम सुरू झाली ती आपल्या शेजारीं, सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी येथें, १९८७ सालीं. बार्शी तालुका आणि त्याला लागून असलेले परांडा व भूम हे तालुके तिच्या क्षेत्रांत होते. शहरांत रोगी रुग्णालयांत येतो व तेथें त्याची नोंद होते. खेड्यांत तो येतच नाहीं, म्हणून बार्शीच्या कार्यकर्त्यांनीं गांवोगांव फिरून, लोकांशीं बोलून, संशयित रोग्यांस तपासणीस आणण्याची रीत पाडली. पुढें धाराशिव (तेव्हांचें उस्मानाबाद) व बीड या दोन जिल्ह्यांचीही एकत्र नोंद होऊं लागली.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नोंदणी कार्यक्रमाचा जो अहवाल २०२० सालीं निघाला, त्यांत या दोन जिल्ह्यांचा आंकडा देशांतील सर्व नोंदणी-क्षेत्रांत कमी आहे. वयाचा हिशेब सारखा करून पाहतां सर्व प्रकारच्या कर्करोगांचे नवे रोगी दर वर्षीं लाख पुरुषांमागें ३९.५ व लाख स्त्रियांमागें ४९.४ असे पडतात. उलट मिझोराममधील ऐजॉल जिल्ह्यांत पुरुषांचा हाच आंकडा २६९.४ आहे.

हा आंकडा वाचून समाधान वाटणें स्वाभाविक आहे, व त्यांतील कांहीं भाग खऱ्या समाधानाचा असेलही. परंतु नोंद होते ती ओळखलेल्या रोगाची. जो म्हातारा पोटांत पाणी होऊन घरींच वारला व ज्याच्या मरणाचें कारण गांवानें 'जलोदर' किंवा 'कावीळ' असें सांगितलें, त्याच्या यकृतांत गांठ होती कीं नव्हती हें कोणत्याही वहींत लिहिलें जात नाहीं. स्तनाची किंवा तोंडाची गांठ हातास लागते, डोळ्यांस दिसते. यकृताची गांठ बरगड्यांच्या आड लपलेली असते. म्हणून कमी नोंदींच्या भागांत इतर कर्करोगांपेक्षां हा कर्करोग अधिक सुटून जाण्याचा संभव आहे. आंकडा लहान आहे एवढ्यावरून निर्धास्त होणें म्हणजे विहीर न मोजतां पाणी पुष्कळ आहे असें म्हणण्यासारखें होय.

जगाचा हिशेब पाहिला तर रोगाचें स्वरूप ध्यानांत येतें. २०२२ सालीं जगांत यकृताच्या कर्करोगाचे सुमारें ८ लाख ६६ हजार नवे रोगी झाले आणि त्याच वर्षीं या रोगानें सुमारें ७ लाख ५८ हजार माणसें दगावलीं. रोगी व मृत्यु हे दोन आंकडे इतके जवळ आहेत, याचा अर्थ बहुतेक रोगी उशिरां सांपडतात, हाच आहे.

यकृतांत काय घडतें

यकृत हा पोटाच्या उजव्या बाजूस, बरगड्यांच्या खालीं असलेला मोठा अवयव. अन्नरस साठविणें, रक्तांतील विषें निष्प्रभ करणें, पित्त तयार करणें हीं त्याचीं कामें. त्याची सोशिकता विलक्षण आहे. त्याचा मोठा भाग निकामी झाला तरी उरलेला भाग काम ओढतो, आणि त्याच्या आंतील भागास वेदना कळत नाहीं. ही सोशिकताच माणसास फसविते.

कोणत्याही कारणानें यकृतास वर्षानुवर्षें इजा होत राहिली म्हणजे त्यांत व्रण पडतात, व्रण भरतांना कठीण तंतु तयार होतात, आणि अखेर मऊ यकृत निबर व गांठाळ होतें. या अवस्थेस डॉक्टर सिरोसिस म्हणतात. मोडलेल्या पेशी पुन्हां पुन्हां नव्यानें तयार होत असतां त्यांतील एखादी बिघडते व बेफाम वाढूं लागते, तोच कर्करोग. पहिल्या इजेपासून येथपर्यंत पुष्कळदां वीस-तीस वर्षें जातात. दुसऱ्या अवयवाचा कर्करोग पसरून यकृतांत येतो तो निराळा. येथें यकृतांतच उपजणाऱ्या रोगाविषयीं लिहिलें आहे. इजा कशानें होते हें पाहूं लागलों म्हणजे गेल्या पन्नास वर्षांत कारणांचा क्रम कसा पालटत आहे तें दिसतें.

सर्व कावीळ एक नव्हे

आपल्याकडे डोळे पिवळे झाले कीं कावीळ, आणि कावीळ म्हटली कीं ती उतरविणारा, असा रिवाज आहे. कोणी मंतरलेली माळ घालतो, कोणी नाकांत औषध सोडतो; आणि रोगी बराही होतो. तो कां बरा होतो, याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. दूषित पाण्यावाटे येणारी कावीळ हिपॅटायटिस ए व ई या विषाणूंमुळें होते. ती बहुतेकांची कांहीं आठवड्यांत आपोआप ओसरते व यकृतांत कायमचें ठाण मांडीत नाहीं. श्रेय मात्र माळेस मिळतें. (गरोदर स्त्रीस ई प्रकारची कावीळ प्राणघातक ठरूं शकते; तेथें क्षणाचाही विलंब नसावा.)

हिपॅटायटिस बी व सी यांची गोष्ट वेगळी आहे. हे विषाणु रक्तावाटे जातात, शरीरांत वर्षानुवर्षें राहतात व कर्करोगास कारण होतात. बी विषाणूचा माग अमेरिकन शास्त्रज्ञ बारूक ब्लुमबर्ग यांस १९६५ च्या सुमारास लागला, त्याबद्दल त्यांस १९७६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. सी विषाणु १९८९ सालीं ओळखला गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ सालच्या अहवालाप्रमाणें २०२२ मध्यें भारतांत सुमारें २ कोटि ९८ लक्ष लोकांच्या शरीरांत बी व सुमारें ५५ लक्ष लोकांच्या शरीरांत सी विषाणु होता. यांतील बहुतेकांस त्याचा पत्ताही नसतो. पुष्कळांस कधीं कावीळही झालेली नसते.

बी विषाणु एका ताटांत जेवल्यानें, हस्तांदोलनानें किंवा एका घरांत राहिल्यानें लागत नाहीं. बाळंतपणांत आईपासून मुलास, न उकळलेल्या सुईनें, वापरलेल्या वस्तऱ्यानें, गोंदण्याच्या सुईनें, न तपासलेल्या रक्तानें व शरीरसंबंधानें तो लागतो. यांतही वयाचा भेद फार महत्त्वाचा आहे. प्रौढपणीं तो लागला तर शंभरांत पंचाण्णवांहून अधिक माणसें त्यास बाहेर घालवितात. जन्मतः लागला तर शंभरांपैकीं सुमारें नव्वद मुलांत तो कायमचा राहतो. म्हणजे पन्नासाव्या वर्षीं दिसणाऱ्या कर्करोगाचें बीं पुष्कळदां पहिल्याच दिवशीं पेरलेलें असतें.

तें बीं पडूंच न देण्याचा उपाय आज हातांत आहे. बी विषाणूवरील लस हीच कर्करोग टाळणारी पहिली लस होय. तैवान बेटांत १९८४ सालीं नवजात मुलांस ती देण्यास आरंभ झाला; पुढील दहा वर्षांत तेथील ६ ते १४ वर्षें वयाच्या मुलांतील यकृताचा कर्करोग जवळजवळ निम्म्यावर आला. भारतांत ही लस २००२-०३ मध्यें कांहीं जिल्ह्यांत व २०११-१२ पासून सर्व देशांत बालकांस मोफत देण्यांत येत आहे. पहिली मात्रा जन्मानंतर चोवीस तासांच्या आंत, व पुढील मात्रा सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यांत द्यावयाच्या असतात.

येथें आमच्या जिल्ह्याचा एक विशेष प्रश्न उभा राहतो. दरवर्षीं सुगीनंतर बालाघाटच्या डोंगरपट्ट्यांतून हजारों कुटुंबें कोयता घेऊन ऊसतोडणीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. कोपीवर जन्मलेल्या मुलास चोवीस तासांच्या आंत लस कोण देणार? सहाव्या आठवड्यास टोळी एका फडावर, दहाव्यास दुसऱ्या. मुकादमाच्या वहींत उचलीची नोंद असते, बाळाच्या लसीची नसते. आमचे जे वाचक टोळ्या लावतात, ज्यांच्या शेतांत अशी कुटुंबें उन्हाळ्यांत राबतात, त्यांनीं गरोदर स्त्रीचें बाळंतपण रुग्णालयांत व्हावें व लसीचें कार्ड तिच्या गांठोड्यांत असावें एवढें पाहिलें, तर तें मोठेंच काम होईल. लस कोणत्याही गांवच्या सरकारी दवाखान्यांत मिळते; ती घरच्याच गांवीं घेतली पाहिजे असें नाहीं.

ज्यांचा जन्म लसीच्या पूर्वींचा आहे, म्हणजे आपण बहुतेक सर्व, त्यांनीं रक्ताची एक साधी तपासणी करून घ्यावी. राष्ट्रीय विषाणुजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजीं सुरू झाला; त्याखालीं बी व सी यांची तपासणी व औषधें मोफत देण्याची व्यवस्था आहे. सी विषाणु बहुधा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनीं शंभरांपैकीं पंचाण्णव रोग्यांत समूळ जातो. बी समूळ जात नाहीं, परंतु ज्यांस गरज आहे त्यांस रोजच्या गोळीनें तो दबून राहतो व कर्करोगाचा धोका कमी होतो. एका भावाच्या रक्तांत बी निघाला तर आई, भावंडें, पत्नी व मुलें या सर्वांची तपासणी करावी. यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. तो कोणाच्या वर्तनाचा दाखला नव्हे.

कणगींतील विष

आतां जें कारण खास आपल्या धंद्याचें आहे त्याकडे वळूं. १९६० सालीं इंग्लंडांत टर्की जातीचे एक लाखाहून अधिक पक्षी कांहीं महिन्यांत मेले. शोध घेतां त्यांस खाऊं घातलेल्या भुईमुगाच्या पेंडींत एका बुरशीचें विष सांपडलें. त्यास ॲफ्लाटॉक्सिन हें नांव पडलें. अॅस्परजिलस फ्लेव्हस नांवाची हिरवट-पिवळी बुरशी उष्ण व दमट हवेंत भुईमूग, मका, सरकी, मिरची यांवर वाढते आणि हें विष तयार करते. १९८७ सालीं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें माणसास निश्चितपणें कर्करोग करणाऱ्या पदार्थांत त्याची गणना केली.

आपल्या देशांत या विषाचा भयंकर प्रत्यय १९७४ च्या अखेरीस आला. राजस्थानांतील बांसवाडा व गुजरातेंतील पंचमहाल या जिल्ह्यांत अवेळीं पावसांत भिजलेला मका आदिवासी कुटुंबांनीं तसाच सांठवून खाल्ला. कावीळ व जलोदर होऊन ३९७ माणसें आजारी पडलीं व १०६ मेलीं. माणसांच्या आधीं त्या घरांतील कुत्रीं याच रोगानें मेलीं होतीं. त्या मक्यांत विषाचें प्रमाण अतिशय होतें. परंतु थोडें विष रोज पोटांत गेलें तर माणूस त्या वर्षीं मरत नाहीं. यकृताच्या पेशीच्या मूळ घडणींत तें बिघाड करून ठेवतें.

बी विषाणु आणि हें विष एकत्र आलीं म्हणजे काय होतें तें चीनमधील शांघाय येथें १८ हजारांहून अधिक पुरुषांवर चाललेल्या पाहणींत दिसून आलें. ज्यांच्या शरीरांत विषाच्या खुणा होत्या पण विषाणु नव्हता, त्यांस कर्करोगाचा धोका सुमारें तिप्पट. ज्यांस केवळ विषाणु होता त्यांस सुमारें सातपट. आणि ज्यांस दोन्हीं होतीं त्यांस सुमारें साठपट. येथें बेरीज होत नाहीं, गुणाकार होतो. दिलासा देणारी गोष्टही चीनचीच आहे. चीडोंग प्रांतभागांत मका हेंच मुख्य अन्न होतें. १९८० नंतर लोक तांदूळ खाऊं लागले, आणि लस मिळालेली पिढी वयांत येण्यापूर्वींच तेथील या रोगाचे मृत्यु पुष्कळ घटले.

आपली रब्बी ज्वारी या बाबतींत मका व भुईमूग यांहून सुरक्षित आहे. तिच्यावर या बुरशीचा उपद्रव कमी होतो. तरी पावसांत सांपडलेली खरीप ज्वारी, पेवाच्या तळाची व कडेची ओल लागलेली ज्वारी, भिजलेला मका व भुईमूग यांविषयीं सावध राहिलें पाहिजे. भुईमुगाचें वैशिष्ट्य असें कीं, शेंगा भरण्याच्या शेवटच्या दिवसांत पाण्याचा ताण पडला तर बुरशी जमिनींतच शेंगेंत शिरते. आपल्या अवर्षणी जिल्ह्यांत ही गोष्ट वरचेवर घडणारी आहे. म्हणून शक्य तेथें अखेरचें एक पाणी द्यावें. काढणी वेळेवर करावी. काढतांना फुटलेल्या व किडक्या शेंगा वेगळ्या काढाव्या. वेल उलटे करून, शेंगा वर ठेवून वाळवावे. शेंग हालविली असतां दाणा खुळखुळला पाहिजे. दाण्यांतील ओल शेंकडा ८ हून व धान्यांतील ओल शेंकडा १२ हून अधिक नसावी. फोडणी सोपी जावी किंवा वजन वाढावें म्हणून शेंगांवर पाणी मारण्याची जी चाल आहे ती सर्वथा वाईट. त्या पाण्यानें बुरशीस आमंत्रण मिळतें.

सांठवणींत पोतीं भिंतीस टेकवूं नयेत, खालीं फळ्या घालाव्या. पोत्यांत हात घालून पाहावा. आंत ऊब लागली तर माल उघडून उन्हांत टाकावा. कुबट वासाचे, सुरकुतलेले, काळपट किंवा हिरवट दाणे हातानें निवडून काढले तर विषाचा फार मोठा भाग निघून जातो, कारण विष सर्व राशींत सारखें पसरलेलें नसून थोड्या दाण्यांत एकवटलेलें असतें. मात्र निवडलेले दाणे घाण्यांत घालूं नयेत. भाजल्यानें, शिजविल्यानें, भाकरी खरपूस केल्यानें हें विष भरंवशानें नाहींसें होत नाहीं, हें गृहिणींस अवश्य सांगावें.

माणसानें खाऊं नये तें जनावरास घालावें, ही आपली जुनी काटकसर येथें अंगलट येते. बुरसलेली शेंगदाण्याची किंवा सरकीची पेंड गाईम्हशीच्या पोटांत गेली कीं त्या विषाचा एक अंश रूप पालटून एका दिवसाच्या आंत दुधांत उतरतो. तें दूध घरचींच मुलें पितात. पेंड बंद केली म्हणजे कांहीं दिवसांत दूध पुन्हां शुद्ध होतें. कायद्यानेंही दुधांतील या विषाची मर्यादा किलोमागें अर्धा मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या वीस लक्षांश इतकी ठरविली आहे. यावरून तें किती जहाल समजलें जातें हें ध्यानांत यावें.

नवें कारण : सुखाची राहणी

लस, सुरक्षित सुया व चांगलें धान्य यांनीं जुनीं कारणें हळूहळू मागें हटत आहेत. भारतांत बी विषाणु अद्याप मुख्य कारणांत आहेच. परंतु त्याच्या जोडीला नवीं कारणें वेगानें पुढें येत आहेत. दारू हें जुनें कारण नवीन जोमानें वाढलें आहे. गांवठी असो वा बाटलीची, यकृतास भेद कळत नाहीं. अंगांत गेलेला मद्यार्क किती व किती वर्षें, एवढाच हिशेब तें ठेवतें.

परंतु ज्याविषयीं आमच्या वाचकांस मुख्यतः सांगावयाचें आहे तें कारण निराळें आहे. यकृतांत चरबी सांठणें, ज्यास डॉक्टर फॅटी लिव्हर म्हणतात, तें दारूशिवायही होतें. पूर्वीं नांगर, मोट, कोळपणी यांत जें अंग झिजे तें आतां ट्रॅक्टर व विजेच्या पंपानें वांचविलें. बांधावर जावयास मोटारसायकल आली. पण ताट पूर्वींचेंच राहिलें, किंबहुना त्यांत साखर, तेल व तळलेले पदार्थ वाढले. दिवसांतून सहा वेळां गोड चहा घेणारा निर्व्यसनी गृहस्थ कंबरेचा घेर वाढवितो, पुढें मधुमेही होतो, आणि त्याच्या यकृतांत चरबी सांठत जाते. केंद्र सरकारनें २०२१ सालीं या विकारास असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमांत स्थान दिलें. त्या वेळच्या मार्गदर्शिकेंत देशांतील शेंकडा ९ ते ३२ लोकांस तो असल्याचा अंदाज दिला आहे. या सर्वांस कर्करोग होतो असें मुळींच नाहीं. थोड्यांच्याच यकृतांत दाह होऊन तें निबर होतें. पण जेथें विकार इतका पसरलेला आहे तेथें थोड्यांची संख्याही मोठी भरते. मधुमेहानें यकृताच्या कर्करोगाचा धोका सुमारें दुप्पट होतो. आणि सर्वांत अडचणीची गोष्ट ही कीं, चरबीच्या विकारांत कांहीं जणांस सिरोसिस होण्यापूर्वींच कर्करोग होतो.

उपाय औषधांच्या दुकानांत शोधण्याची गरज नाहीं. शरीराचें वजन शेंकडा ७ ते १० कमी केलें तर यकृतांतील चरबी व दाह दोन्ही ओसरतात. आपली भाकरी, डाळ व पालेभाजी हें अन्न यासाठीं उत्तमच आहे. कमी करावयाची आहे ती साखर, तेल व बसून राहण्याची संवय.

निदान : पूर्वींचें व आतांचें

पूर्वीं हा रोग ओळखला जाई तो बरगडीखालीं कठीण गांठ हातास लागली, वजन झपाट्यानें उतरलें, पोटांत पाणी झालें, कावीळ झाली किंवा रक्ताची ओकारी झाली म्हणजे. यकृतांतील आंवेच्या गळवाशींही त्याचा घोटाळा होई. खात्री करण्यास सुईनें यकृताचा तुकडा काढावा लागे. या अवस्थेंत ओळख पटून उपयोग काय?

पहिला बदल १९६३ सालीं झाला. रशियन शास्त्रज्ञ आबेलेव्ह यांनीं यकृताच्या कर्करोगाच्या उंदरांच्या रक्तांत एक विशेष प्रथिन शोधलें. पुढच्याच वर्षीं तें रोगी माणसांच्या रक्तांतही आढळलें. अल्फा-फीटोप्रोटीन या नांवानें तें आज तपासलें जातें. परंतु लहान गांठ असतां तें पुष्कळदां वाढलेलें नसतें, म्हणून केवळ त्यावर विसंबूं नये. दुसरा बदल सोनोग्राफीनें केला. आपल्याकडे हें यंत्र गरोदर स्त्रियांचेंच, अशी पुरुषांची समजूत आहे. ती सोडली पाहिजे. तिसरा बदल म्हणजे शिरेंत औषध देऊन निरनिराळ्या क्षणीं घेतलेला सी. टी. स्कॅन किंवा एम. आर. आय. कर्करोगाची गांठ रोहिणीचें रक्त आधीं शोषून उजळते व मग भोंवतालच्या यकृताहून लवकर फिकी पडते. निबर यकृतांत ही खूण स्पष्ट दिसली तर तुकडा न काढतांही निदान पक्कें मानतात.

शांघायमध्यें १८ हजारांहून अधिक धोक्याच्या लोकांची एक पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००४ सालीं प्रसिद्ध झाले. दर सहा महिन्यांनीं सोनोग्राफी व रक्ततपासणी ज्यांस देऊं केली, त्यांच्यांत या कर्करोगाचे मृत्यु शेंकडा ३७ नीं कमी झाले. गांठ लहान असतां शस्त्रक्रिया करतां येते, सुईवाटे उष्णतेनें ती जाळतां येते. आणि एकच गांठ ५ सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गांठी प्रत्येकीं ३ सेंटिमीटरच्या आंत असतील, तर यकृत बदलण्याचाही विचार होतो. ही मर्यादा १९९६ सालीं इटलींतील मिलान येथें ठरली. या मापाच्या गांठीनें बहुधा कांहींही दुखत नाहीं. म्हणजे दुखेल तेव्हां जाऊं, असें म्हणणारास ती कधींच सांपडावयाची नाहीं.

वाचकांस सूचना

यावरून ज्या गोष्टी प्रत्येक घरीं करण्यासारख्या आहेत त्या येणेंप्रमाणें :

(१) घरांतील प्रत्येक प्रौढ माणसानें आयुष्यांत एकदां तरी हिपॅटायटिस बी व सी यांची रक्ततपासणी करून घ्यावी. बी नसेल त्यानें डॉक्टरांच्या सल्ल्यानें लस घ्यावी.

(२) कोणतीही कावीळ झाली तरी ती कशाची आहे हें रक्त तपासून ठरवावें. माळ घालावयाची असेल त्यानें घालावी, पण रक्त आधीं द्यावें.

(३) नवजात बालकास चोवीस तासांच्या आंत लस मिळाली कीं नाहीं, हें घरच्या कर्त्यानें स्वतः विचारावें.

(४) ज्यांस कोणत्याही कारणानें सिरोसिस झाला आहे त्यांनीं, तसेंच बी विषाणु असलेल्या चाळिशीवरील पुरुषांनीं, पन्नाशीवरील स्त्रियांनीं, व ज्यांच्या घरांत पूर्वीं हा कर्करोग झाला आहे अशा बी-ग्रस्तांनीं, दर सहा महिन्यांनीं सोनोग्राफी करावी. खरिपाच्या पेरणीपूर्वीं एकदां व रब्बीच्या पेरणीनंतर एकदां, असा नेम ठेवला म्हणजे विसर पडणार नाहीं.

(५) मधुमेही माणसानें, दारू पीत नसला तरी, आपलें यकृत तपासण्याविषयीं डॉक्टरांस विचारावें.

(६) बुरसलेलें धान्य व पेंड माणसास नाहीं, जनावरास नाहीं व बाजारांतही नाहीं.

आपल्या जिल्ह्यांत अंबेजोगाई येथें स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९७४ पासून आहे, बीड येथें जिल्हा रुग्णालय आहे, आणि कर्करोगाच्या विशेष तपासणीसाठीं बार्शी कांहीं तासांच्या वाटेवर आहे. अडचण अंतराची फारशी नाहीं. अडचण आहे ती न दुखणाऱ्या रोगासाठीं एक दिवस मोडण्याची. उभ्या पिकावर कीड दिसण्यापूर्वीं आपण शेतांत फेरी मारतों, पान उलटून पाहतों. पान खाल्लें गेल्यावर फवारणीस जाणारास आपण आळशी म्हणतों. तीच दृष्टि शेतकऱ्यानें स्वतःच्या शरीराकडे वळवावी, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.